किती तापवावं

गाव सोडलं त्या सकाळी बाबा मला पोचवायला तळ्यावरून थेट बसथांब्यावर आले. पायाला चिखल, खांद्यावर ओलं जाळं. आईनं सुकवलेल्या झिंग्यांची पुडी माझ्या पिशवीत खोचली होती. गडचिरोलीची बस सुटताना बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "नाई जमलं तं परत ये. लाजू नोको." मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आज सत्तेचाळीसचा आहे; म्हणजे जमलं असंच म्हणायचं.

वडोदऱ्याच्या एका प्रयोगशाळेत मी उत्प्रेरकांचं पृष्ठफळ मोजतो. रासायनिक क्रिया लवकर घडवणारी ही भुकटी दिसते पिठासारखी, पण आतून इतकी सच्छिद्र, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरसुद्धा भरतो. आधी ती काचेच्या नळीत, निर्वातात तापवायची, म्हणजे तिनं धरून ठेवलेली ओल आणि हवा निघून जाते. मग वजन. मग नळी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव अंशांत बुडवायची, आत नायट्रोजन वायू थोडा थोडा सोडायचा आणि किती चिकटला ते पाहायचं. गावात हे सांगितलं की लोक हसायचे. बाबांना मात्र त्यातलं अर्धं लगेच पटलं, कारण मासोळी निथळल्याशिवाय ते स्वतः तराजूत टाकत नसत. पाणी कोणी काऊन विकत घ्यावं, म्हणायचे.

आई गेल्यावर ते एकटे पडले. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना इकडं आणलं, कायमचं. तिसरा मजला, वेगळी खोली, पंखा, टीव्ही. बरं वाटतं ना, असं मी रोज विचारायचो आणि ते चांगलं आहे म्हणायचे. दर रविवारी मी त्यांना काट्यावर उभं करत असे. बावन्न, एक्कावन्न, साडेएकोणपन्नास. आकडे मीच वहीत लिहीत होतो, पण त्यांचा अर्थ मला नको होता. सवय होईल, असं बायको म्हणायची. मीही तेच म्हणायचो.

एकदा आमच्या प्रयोगशाळेनं कामावरच्यांच्या घरच्या लोकांना पाहायला बोलावलं होतं, तेव्हा बाबांना सोबत नेलं. दोनशे चौरस मीटर ऐकून त्यांनी विचारलं, याच्यात धान किती होते? सोबत काम करणाऱ्या मुली हसल्या, तेही हसले. मग तापत ठेवलेल्या नळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

"अन् लय तापवलं तं?"

मी खरं ते सांगितलं. काही भुकट्यांची छिद्रं मिटून जातात. आतली जागा गेली की गेली, मग काहीही करा, ती परत मिळत नाही.

परतताना रिक्षात बाहेर बघत म्हणाले, "मंग मले बी लय नोको तापवू, बाबू."

म्हणाले हसतच. त्याच संध्याकाळी मी दोघांची गावची तिकिटं काढली.

बाबा आता गावातच राहणार होते; त्यांच्या रोजच्या जेवणाचं शेजारच्या चुलतभावाच्या घरी ठरवलं होतं. गावात उतरलो तसे बाबा पिशव्या माझ्याजवळ सोडून, न सांगता तळ्याकडं निघून गेले. वडोदऱ्यात माठातलं पाणी घ्यायलासुद्धा हा माणूस सुनेला विचारत होता.

तासाभरानं परत आले, तेव्हा मी आमच्या घराच्या ओसरीवर बसलेलो. तहान लागली होती. सहज म्हणालो, बाबा, पाणी घेऊ का?

ते उभेच राहिले.

"इच्यारून काऊन राह्यला? घर तुयंच आहे ना?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

आता दर तीन महिन्यांनी जातो, आठ दिवस राहतो. त्यांचं वजन परत एक्कावन्नवर आलंय. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे: जिथं मी पाणी विचारून घेतलं, आणि विचारल्याचं कोणाच्या तरी मनाला लागलं, ते माझं घर.