आबांची जोडी हिंदीतच चालायची

आमच्या शेतात बैलांना हिंदी कळायचं. औत जुंपताना माझे वडील, आबा, "सावधान" म्हणत आणि दोन्ही लाल कंधारी बैल माना वर करून उभे राहत. "आगे बढ" म्हटलं की निघत, "थम" म्हटलं की थांबत. तासाच्या, म्हणजे औताच्या ओळीच्या, टोकाला "पीछे मुड" एवढंच म्हणायचं, कासरा ओढावा लागत नसे. चाबूक आमच्या घरात नव्हताच.

माझे आजोबा लोकांची मेंढरं वळायचे. घरची वीतभर जमीन नव्हती, म्हणून आबा परभणीला भरतीच्या मैदानावर जाऊन उभे राहिले. फौजेतून परत आले तेव्हा केस पिकायला लागले होते. मग त्यांनी जिंतूर तालुक्यात काळं रान घेतलं. आई म्हणायची, "हे रान बर्फातून आणलंय." शेती त्यांनी कधी केलेली नव्हती. दोघांना एका रांगेत चालवायची एकच पद्धत त्यांना माहीत होती, तीच त्यांनी बैलांना लावली.

गावातले लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबून विचारायचे, "फौजी, बैलांला पेन्शन कवा सुरू व्हायची?"

आबा औत न थांबवता म्हणत, "त्यांची नोकरी चालू हाय अजून."

मी बैलांचा व्यापारी. जिथं बाजार भरेल तिथं टॉवेलाखाली कुणाच्या तरी हातात माझा हात असतो, बोटं दाबून भाव ठरतो. हा धंदा मी कुणाच्या आधाराशिवाय उभा केला. मला राग लवकर येतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे आणि सौद्यात मी त्याचाही उपयोग करून घेतो. पण बापानं औताला मला कधी हात लावू दिला नाही. मागितलं की आबा म्हणायचे, "तू बैलासंगं बी घासाघीस करशील. त्यांला एकच शब्द लागतो." औत थोरल्या भावाच्या हातात गेलं. मी धुऱ्यावर बसून ऐकायचो आणि बाजाराची वेळ झाली की उठून जायचो.

आबा गेले. भावानं ट्रॅक्टर लावला आणि त्यांची शेवटची जोडी विकली, तीही दुसऱ्या व्यापाऱ्याकडून. घरात बैलांचा व्यापारी असताना मला विचारलंसुद्धा नाही. मला ते चहाच्या टपरीवर कळलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

गेल्या पोळ्यानंतर देवगाव फाट्याकडचा एक शेतकरी माझ्या दारात येऊन उभा राहिला, तापलेला.

"तुमच्या बापाचे बैल हायेत म्हणं. जुंपले की खांबावानी उभे राहायलेत. हाणलं तरी हलनात. फसवलं मला."

मी लगेच ओळखलं. भावानं जोडी विकली होती, पण तिची भाषा सांगायला तो विसरला होता. मी तोंड आंबट केलं. "अडेल जनावर कोण घेतंय आता? चला, बघून घेऊ." मनात मात्र दुसरंच चाललं होतं. जोडी माझ्या दारात बांधायची. रोज सकाळी उठून "सावधान" म्हणायचं. दुसरं मला काही नको होतं. त्यासाठी फक्त गप्प राहायचं होतं.

त्याच्या रानात बैल वखराला जुंपलेले होते. पाठीवर वळ होते. शेतकऱ्याची बायको म्हणाली, "घेऊन जा, शेठ. ह्यांच्या पायी आमचं रोज भांडण व्हायलंय." मी टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि बोटं दाबली. तो अर्धा कबूल झाला. मग बैल किती अडेल आहेत हे मलाच पटवून द्यायला निघाला, त्यानं हात सोडवून घेतला आणि उजव्या बैलावर चाबूक उगारला.

"आगे बढ," मी म्हणालो.

माझ्या तोंडून आवाज निघाला तो आबांचा होता. बैलांनी कान टवकारले आणि ते निघाले. वखर रिकामंच पुढं जायला लागलं, म्हणून मी धावत जाऊन रुमणं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. काळी माती पायाखाली उलटत होती, पुढं त्या दोन लाल पाठी, आणि धुऱ्यावर कुणी बसलेलं नव्हतं. टोकाला आलो. "पीछे मुड." वळले. मी थांबायला हवं होतं. मी आणखी एक तास घेतला, मग आणखी एक.

परत आलो तेव्हा शेतकऱ्यानं टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला. "आता न्हाई द्यायचे."

"कबूल झाला होतास."

"अर्धा झालतो."

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. "शेठ, जरा येळ तोंड मिटून बसला असता तर बैल तुमचे होते की."

मी खूप बोललो, रागावलोसुद्धा. उपयोग झाला नाही. शेवटी त्याला एकेक शब्द शिकवला. तो "पीछे मुड" म्हणाला, आणि बैल त्याच्यासाठीही वळले. ते मला पाहवलं नाही, पण तिथून निघवलंही नाही.

ऊन कलल्यावर तो म्हणाला, "सोडताना काय म्हणायचं?"

मला माहीत नव्हतं. औत सुटायच्या वेळी मी नेहमी बाजारात असायचो. शेतकरी जू धरून वाट बघत होता, बैल माना वर करून उभे होते. मी भावाला फोन लावला.

"औत सोडताना आबा काय म्हणायचे?"

तो म्हणाला, "विश्राम. अन् दोघांच्या बी पाठीवर एक थाप. आधी डाव्याच्या." मग विचारलं, "कुठं हायेस तू? बैल दिसले का?"

"दिसले," मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानं मला विचारायला हवं होतं, हे मी अजूनही सोडलेलं नाही.

मग मी शेतकऱ्याला बाजूला केलं. "एवढं मी करतो," म्हणालो, आणि डाव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला.