फणीबाईचा नकार

फणीबाईला तिचं खरं नाव विचारलं असतं तर तिलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला होती आणि दर रविवारी पन्नास डोक्यांतून उवांची फणी फिरवायची, म्हणून हे नाव. मुली तिला टरकायच्या आणि पाठीमागे नकलाही करायच्या. पण एका वर्षी उवांनी कहर केला, वरच्या साहेबांनी थेट न्हावी बोलावला, 'सगळ्यांची डोकी भादरा' म्हणाले, तेव्हा हीच बाई म्हणाली, "आधी माझं भादरा, मग पोरींकडे वळा." न्हावी बिचारा पेटी उचलून परत गेला. पुढचे दोन महिने ती रोज फणी घेऊन बसली. एकाही मुलीची वेणी आखूड झाली नाही.

निवृत्त झाल्यावर ती एका इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. सोबत एक म्हातारा कुत्रा. कुत्रा तिच्या भावाचा. भाऊ गेला, कुत्रा मागे राहिला. त्याला ती बुवा म्हणायची, कारण दिवसभर तो डोळे मिटून ध्यान लावायचा आणि जेवणाचं ताट वाजलं की बरोबर उघडायचा.

तर या बुवाला पिसवा झाल्या. आणि त्याच महिन्यात त्याचं यकृत बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सध्या गोळी नको, मानेवर टाकायचं औषध नको, घरात फवारणी तर अजिबात नको. झेपणार नाही त्याला. फणी चालवा, घर स्वच्छ ठेवा. बरा झाला की औषधाचं बघू."

"फणीच ना?" ती म्हणाली. "मग काळजी सोडा."

पण काळजी सोडतील ते सेक्रेटरी कसले! इमारतीचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी दारात हजर. त्यांच्या नातवाच्या पायांवर लाल पुरळ उठलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण नातवाचं पुरळ बघून पार बिथरला होता. "बाई, पंधरा दिवस. एक तर पूर्ण इमारतीत फवारणी होईल, नाहीतर कुत्रा प्राण्यांच्या आश्रमात जाईल."

"फवारणीत तो मरेल आणि आश्रमात झुरून मरेल. यात निवड कसली?"

"पंधरा दिवस," सेक्रेटरी म्हणाले आणि निघून गेले.

बातमी ऐकून धाकटी बहीण धावत आली. हातात वासाच्या तेलाची बाटली. "ताई, हे लाव. सगळं नैसर्गिक आहे, झाडपाल्याचं! वासानंच पळतात पिसवा." बाईनं विश्वास ठेवला, पाठीवर चार थेंब चोळले. अर्ध्या तासात बुवाच्या तोंडातून लाळ गळू लागली, मागचे पाय थरथरायला लागले. तिनं त्याला साबणाच्या कोमट पाण्यानं धू धू धुतला आणि टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे पळवला. वाचला. घरी येऊन तिनं बाटली बहिणीच्या हातात कोंबली.

"नैसर्गिक म्हणे! अगं, धोतऱ्याचं बीही नैसर्गिकच असतं. खाशील?"

"मी चांगल्यासाठीच..."

"माहितीये गं. चूक माझीच. डॉक्टरांना न विचारता लावलं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलंही नाही.

मग सुरू झालं खरं काम. पिसवा दिसतात कुत्र्यावर, पण त्यांची अंडी-पिल्लं असतात चादरीत, फरशीच्या फटीत, पलंगाखाली. नुसत्या कुत्र्यामागे लागणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून रोज सकाळी बुवाचं अंथरूण उकळत्या पाण्यात, रोज कानाकोपऱ्यात व्हॅक्यूम, त्यातली धूळ पिशवीत बांधून लगेच बाहेर. संध्याकाळी फणी. सापडली पिसू की साबणाच्या पाण्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोजचा आकडा लिहायची. पहिल्या दिवशी त्रेचाळीस, आठव्या दिवशी सहा. तिनं सेक्रेटरींना निरोपही धाडला, 'तुमचंही घर झाडून देते, नातवाच्या चादरी उकळून देते.' त्यांना तो अपमान वाटला.

आणि बाराव्या दिवशी एकतीस! बाई मटकन खालीच बसली. तिनं डॉक्टरांना फोन लावला. "असंच होतं," ते म्हणाले. "कोशातल्या असतात त्या उशिरा बाहेर पडतात. आता थांबू नका."

"मी थांबणाऱ्यातली आहे होय?" असं म्हणाली खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही तिला.

पंधराव्या दिवशी सेक्रेटरी आले ते आश्रमाचा माणूस आणि एक छापील कागद घेऊनच. बाई जमिनीवर बसली होती, बुवाचं डोकं मांडीवर, फणी चालू.

"काय बाई, संपल्या का पिसवा?"

खोटं बोलली असती तर निभावलंही असतं. "नाही," ती म्हणाली. "आजच्या बारा झाल्या आत्तापर्यंत."

"मग ठरल्याप्रमाणे..."

"तुम्ही ठरवलंत. माझी सही होती त्याच्यावर? की पिसवांची होती?"

आश्रमाचा माणूस खोकला. "सही मात्र लागते हं साहेब. मालकिणीच्या सहीशिवाय मला जनावर नेता येत नाही."

सेक्रेटरींनी कागद पुढे केला. "हट्ट सोडा. एका कुत्र्यासाठी सगळ्या इमारतीशी वैर घेणार?"

"घेणार."

तिनं फणी पाण्यात बुडवली. तेरावी. मग ओला हात पदराला पुसला, कागद ओढून घेतला, पेन मागितलं आणि सहीच्या ओळीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'आज तेरा. उद्या पुन्हा मोजायला या.' कागद सेक्रेटरींच्या हातात दिला.

त्यांनी ओळ वाचली आणि कागदाची घडी करून खिशात घातली. आश्रमाचा माणूस तोंड फिरवून हसला आणि आधी तोच निघाला.

बाईनं दार लावलं. भीती वाटत होती तिला, का नाही वाटणार? उद्या ते येणारच होते आणि परवाही. ती परत खाली बसली. बुवानं एक डोळा उघडून पाहिलं.

"बघतोस काय? मान वळव," ती म्हणाली. "डावी बाजू राहिलीये अजून."