बाचा पाय खाली न टेकता

आमच्या गाडीला चढ आवडत नाय. मामाने वापरून वापरून थकवलेली मोटारसायकल, मग ती माझ्याकडे आली. दर बाजाराला मी बाला मागं बसवून, मधे नागलीचं पोतं घेऊन खोडाळ्याला निघायचो. गावाच्या अलीकडचा चढ लागला की गाडी धापा टाकायची. बा उतरायचा. "तू हो पुढं," म्हणायचा आणि चालत यायचा. तिथं रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर पोरं बसलेली असायची. ती आमच्या गाडीच्या धापा तोंडाने काढून दाखवायची. चांगल्या काढायची, हेच दुखायचं. आवाज काढणं हा माझा धंदा. शाळेत मी हेडमास्तरपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळे काढलेत.

तेव्हा ठरवलं, बाला या चढावर उतरवायचं नाय.

जव्हारच्या शिरपामाळावर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मोठ्या मोटारसायकली असतात. त्यांचा आवाज म्हणजे वाघ गुळण्या करतोय. मला वाटलं, जोर आवाजातच असणार. जव्हारच्या भंगारातून मोठ्या गाडीचा सायलेन्सर उचलला, वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतला. पाड्यात शिरलो तर कोंबड्या पळाल्या. बाजाराच्या दिवशी चढ आला, आणि बा उतरला. वर पोचल्यावर म्हणाला, "आवाज मोठा झाला. चढ तेवढाच हाय."

जव्हारचा मिस्त्री आमचा ओळखीचा. गाडीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत बोलतो.

"पोऱ्या, पोटात काय जात नाय आणि तू ढेकर मोठा करून ठेवलास. एअर फिल्टर बघ, लाल मातीनं बुजलाय. नवा टाक."

"पैसे सायलेन्सरात गेले, मिस्त्री."

"मग ढेकरावर जग."

घरी येऊन मी जुना फिल्टर काढून टाकला. आयचं नागलीचं पीठ चाळायचं फडकं होतं, बारीक विणीचं. पीठ गाळतं ते माती गाळणारच. घडी घालून कार्बोरेटरच्या तोंडाशी तारेनं आवळलं. गाडी चालू झाली, मी खूश.

पुढच्या बाजाराला चढाच्या पायथ्याशीच गाडी मेली. बा उतरला, पोतं उतरवलं, त्यावर बसला. मी मिस्त्रीला फोन लावला.

"काय करते?"

"खोकते."

"कशी खोकते?"

मी फोन तोंडाशी धरून खोकलो. आधी कोरडं, मग गिळल्यासारखं, मग बंद.

"परत कर. ॲक्सिलेटर दिल्यावर कशी?"

तेही केलं. दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन थांबल्या. बा रस्त्याच्या पलीकडे बघत होता, म्हणजे हसत होता.

"तोंडाशी काय कोंबलंस?" मिस्त्री म्हणाला.

"फडकं. पिठाचं."

 पलीकडून आवाज आला, "धुतलं होतंस?"

नव्हतं. फडक्यात मुरलेलं पीठ सकाळच्या दवाने भिजून त्याची पेज झाली होती.

त्यानंतर मिस्त्रीनेच दया केली. जुन्या फिल्टरच्या डब्यात स्पंज कापून बसवला, तेलाचा हात दिला. कार्बोरेटरची सुई एक खाच वर घेतली. "हवा वाढली, आता पेट्रोल नको का वाढवायला?" सायलेन्सरमधे जाळीची नळी घातली, वाघाचा बोका झाला. फडकं मी तीनदा धुऊन आयला दिलं. तिने हुंगलं आणि पायपुसणं केलं.

पुढच्या बाजाराला चढ आला. नेहमीच्या जागी बाचा पाय सवयीने खाली गेला.

"बा, पाय वर घे."

त्याने घेतला. गाडी दुसऱ्या गियरात कुरकुरत, पण चढत गेली. पोतं, बा, मी, सगळे वर पोचलो. मोरीवर कुणी नव्हतं.

"थांब," बा म्हणाला. खाली वळून बघितलं. "पोरं आली नाय अजून."

"नाय आली."

"बाजार कुठं पळून चाललाय? फिरव."

आम्ही खाली गेलो आणि झाडाखाली थांबलो. बाने तंबाखू मळली. पोरं येऊन मोरीवर बसली, तेव्हा तो म्हणाला, "आता चल."

मोरीजवळ आलो आणि मागून मोठी गाडी चढत असल्याचा आवाज आला, शिरपामाळावरच्यासारखा. मी तिला वाट द्यायला आपली गाडी बाजूला घेतली. आरशात बघितलं तर रस्ता रिकामा, आणि मागं बाचे गाल फुगलेले, आत वाघ गुळण्या करतोय.