उभ्या कापसातले आयकॉन

आईच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमच्या अंबडकडच्या शेताचा फोटो होता. अलीकडे फुटलेला कापूस, पलीकडे बांध, बांधावर लिंबाचं झाड, कोपऱ्यात विहीर. शहरात, मस्तगडात माझ्या घरी राहायला आल्यापासून ती सकाळचा चहा त्या शेतासमोर घेई आणि आल्याचा उग्र, उबदार गंध कीबोर्डच्या फटींत दुपारपर्यंत रेंगाळत राही.

नवं काही इन्स्टॉल करताना ती एकही टिक काढत नसे. डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, सोबत एखादा पत्त्यांचा खेळ हवा का, सगळ्याला तिचा होकार.

“आई, नको असेल ते काढायचं असतं.”

“त्यांनी आधीच वाढून ठेवलंय. मंग ताटातलं परत कसं करू? बरं दिसतं का ते?”

असे आयकॉन पाहुण्यांसारखे येत राहिले. आई त्यांना बांधावर, विहिरीकाठी, लिंबाखाली बसवी. कापसात मात्र कुणालाच जागा नव्हती. फायलींची नावंही तिने मशीनने दिली तीच ठेवलेली. सगळ्या ‘न्यू डॉक्युमेंट’, पुढे फक्त आकडा. तिला जागा ठाऊक असे, तेवढं पुरे होई.

भावाच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर लिंबाखाली होता. कुणाचं नाव कुणाच्या आधी, यावर सगळ्या भावकीला फोन करून आईने तो जुळवला होता. दुपारी तो प्रेसमध्ये द्यायचा होता. एक नाव खालीवर झालं असतं, तर मोठे काका मांडवात आलेच नसते.

नेमकं त्याच सकाळी, मशीन मंद झालं म्हणून, मी साफसफाईचं एक सॉफ्टवेअर टाकलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. ‘आयकॉन ओळीत लावा’ ही टिक आधीपासूनच होती. मी ती वाचलीच नाही.

क्षणात सगळे आयकॉन उठले आणि रांगा करून पांढऱ्याशुभ्र कापसात शिरले.

आईने कप खाली ठेवला. “उभ्या पिकात घातलीस की गं सगळी जत्रा.” मग तिचा आवाज उतरला. “पत्रिका कुठं गेली?”

आम्ही एकेक फाईल उघडू लागलो. पहिलीत लसणाची चटणी. दुसरीत गॅसचा नंबर. तिसरीत फक्त ‘कककक’.

“हे काय?”

“टायपिंग शिकून राह्यल्ते.”

आईला हसू फुटलं, पाठोपाठ मलाही. पुढची फाईल रिकामी निघाली आणि आम्ही दोघी खुर्चीवरून घसरायच्या बेतात आलो. घड्याळ पुढे सरकत होतं आणि तरीही हसू गुळाच्या पाकासारखं उतू जात होतं. तेवढ्यात एक फाईल उघडली. सगळ्यांत वर मोठ्या काकांचं नाव होतं.

आईने पदराने डोळे पुसले. “बराबर हाय. धाड जल्दी.”

प्रेसवाल्याचा ‘मिळालं’ असा निरोप आला, तेव्हा चहा गार झाला होता. मी ‘आयकॉन ओळीत लावा’ची टिक काढली. आई माउस धरून एकेका आयकॉनला कापसातून बाहेर काढू लागली, तोंडाने हळूच, शेळ्या हाकाव्यात तसं, “हर्र, हर्र” करत. पत्रिका मात्र तिने लिंबाखाली परत नेली नाही. बांधाच्या अगदी टोकाला, शेतात येणाऱ्या वाटेवर ठेवली.

“तिथं का गं?”

“पाहुणे तिकडूनच येतेत ना.”