नलिनीचं ग्रीन कार्ड आणि माझं तोंड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळही नाही — आणि ह्यांना तर मी आमटी उतू गेली तरी ऑफिसात फोन करून सांगायची. तुम्हाला सांगते. मध्ये थांबवू नका फक्त, नाहीतर मी दुसऱ्याच गोष्टीत शिरेन.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शारजात, अल मजाजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नलिनी राहायची. इंजिनियर. नवरा सोडून गेलेला, मुलगी मानसी दहावीला, आणि दोघींचा व्हिसा नलिनीच्या नोकरीवर. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कंपनीत होती. पाणी गाळायच्या पडद्यांवर शेवाळ धरतं, ते धरूच द्यायचं नाही ते कसं, यावर तिचे लेख परदेशात छापून यायचे. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार? पण ती कणीक मळता मळता असं समजवायची, की वाटायचं — अरे, हे तर मलाही जमलं असतं!

एक दिवस म्हणाली, "काकू, अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला अर्ज केलाय. माझा मीच."

"म्हणजे? तिकडचा कफील कोण?" इथे कफील, म्हणजे तुमचा मालक, त्याच्यावाचून पान हलत नाही हो.

ती हसली. "कुणीच नाही. माझं काम त्यांच्या देशाच्या उपयोगाचं आहे, हे पटवून द्यायचं. पटलं, तर नोकरी देणारा लागत नाही. पण कुठे बोलू नका हं. साहेबांना कळलं तर इथलं खलास."

माहीत होतं फक्त दोघांना. मला, आणि तिच्याच ऑफिसातल्या वसईच्या डॉमनिकला. ऑफिस सुटल्यावर थांबून तो तिला कागदांच्या कॉपी काढून द्यायचा.

काय बाई होती! नोकरी, घर, पोरीचा अभ्यास, आणि वर हे सगळं एकटीने. कौतुक वाटायचं मला, फार वाटायचं. आणि खरं सांगू? आत काहीतरी टोचायचंसुद्धा. ही गेली तर माझ्या संध्याकाळी कोण भरणार? आणि जाणार तीही कुणाच्या मेहेरबानीशिवाय. माझ्या व्हिसावर शिक्का काय, तर काम करायला परवानगी नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं तिच्या साहेबांकडे. साहेब आपले मराठीच. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "तुमची नलिनी नाही आली?"

"तिला कुठला वेळ? अमेरिकेची तयारी चाललीय तिची," मी म्हणाले. हसत म्हणाले.

"अय्या! ह्यांना कसं ठाऊक नाही?"

चुकून निसटलं का? नाही. लिफ्टमध्येच ठरलं होतं माझं. वाटलं, साहेब एनओसी देणार नाहीत, कंपनीच्या तिजोरीतून पासपोर्ट सोडणार नाहीत, नलिनी राहील. इथे तसंच होतं ना? मालक नको म्हणाला की माणूस जागच्या जागी.

साहेबांनी नको म्हटलंच नाही. सरळ व्हिसा कॅन्सल केला, म्हणजे दोघींनी देश सोडायचा. मानसीची बोर्डाची परीक्षा तोंडावर. पोर खोक्यात पुस्तकं टाकत होती आणि एकच धोशा, "धिस इज नॉट फेअर, आजी. हू डज दॅट?" मी खोक्याला टेप लावत होते.

नलिनी रडली नाही. "अर्ज माझ्या नावावर आहे, काकू. नोकरी गेली, काम थोडंच गेलं?" कल्याणला भावाकडे राहिली, तिथून लिहीत राहिली, मानसीचं वाया गेलेलं वर्ष भरून काढलं — आणि मिळवलंच हो तिने कार्ड! फोन मला केला. आनंदाने रडले मी. ते रडणं खोटं नव्हतं.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. म्हणजे हेही आहे, पण… थांबा, सांगते.

शारजातून निघायच्या आदल्या दिवशी, खोकी भरता भरता, नलिनी माझ्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "काकू, डॉमनिकनेच सांगितलं असेल ना?"

तिच्या मनात माझं नावसुद्धा आलं नव्हतं. मी टेपचं टोक शोधत होते. शोधतच राहिले.

"असेल बाई," मी म्हणाले. "माणसाचा काय भरवसा?"

तिने त्याचं नाव टाकलं ते कायमचं.

पुढे काही वर्षांनी शारजातच, रोल्लाच्या बाजारात भाजी घेताना डॉमनिक भेटला. केस पांढरे झाले होते. "काकू, नलिनी कशी आहे हो? कार्ड मिळालं म्हणे. गॉड इज ग्रेट! माझा फोन मात्र घेत नाही. माझं काय चुकलं, तुम्हाला काही बोलली का?"

"बिझी असते रे ती," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, माझ्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि टॅक्सीपर्यंत आणून दिल्या. मी आणू दिल्या.