कोमलच्या जागी दीक्षा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, इतकी वर्षं माझ्यासोबत घरोघर फिरलेल्या आशाताईंजवळही नाही.

मी नर्स. अहमदपूरजवळच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात नोकरी झाली. माझी जीभ तिखट – बाळंतिणीला उपाशी ठेवलं की तिच्या सासूला भर चावडीवर झापायची. गाव टरकून असायचं. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

अकरा वर्षांपूर्वी गावातली कोमल चार वर्षांची होती. आधी चांगली बोलायची, मग बोलणं बंद झालं. अंगणवाडीच्या दारात कुणी पुरुष आला की जागेवरच कपडे ओले. का – ते मला ठाऊक होतं. बाप तिच्या देखत आईला मारायचा. त्या आईच्या, सुनीताच्या, पाठीला मलम मीच लावलं होतं. "सिस्टर, पोरगी बोलंना झालीय. मोठ्या डॉक्टरला दावावं का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, अंगणवाडीत मुलांच्या तपासणीचं पथक येणार आहे, तेव्हा दाखवू.

पथकाच्या दिवशी सकाळीच कोमलचा बाप उपकेंद्रात आला. तो उपसरपंच. "माझी पोरगी येडी हाय असं कागदावर आलं, तर बघा." एवढंच बोलला. चावडीवर झापणारी मी – मला तेवढं पुरलं.

सुनीता रानात गेली होती. पथकातल्या डॉक्टरांनी कोमलचं नाव पुकारलं आणि मी – कसं सांगू? – मी तिच्या चुलत बहिणीला, दीक्षाला, पुढे केलं. वय तेच. नवख्या डॉक्टरांना काय कळणार? दीक्षानं रंग ओळखले, बोटं मोजली, गाणं म्हटलं. कोमलच्या कार्डावर शेरा पडला – वाढ व वर्तन योग्य. कोमल दाराआड उभी राहून सगळं बघत होती.

संध्याकाळी कार्ड सुनीताच्या हातात दिलं. म्हटलं, काही नाही, लाजाळू आहे. किती हसली ती! पुन्हा तिनं लेकीला कुठेच नेलं नाही.

कोमल आता पंधराची आहे. शाळा सुटली. दोन महिन्यांमागे तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला; वाचली. लातूरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा सुनीतानं मला सोबत घेतलं. तिचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं का?

सुनीतानं पिशवीतून ते कार्ड काढलं. "आलं व्हतं जी. पन सिस्टरनं तपासून घेतलं. समदं बराबर निघालं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. कोमलही माझ्याकडेच बघत होती.

मी "हो" म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं – बालपणी तपासणी झाली, दोष नाही. अजून ते तसंच आहे.