वायपरच्या नळीतली तुराटी

आमचे मालक भीमराज म्हणजे खुट्ट्या मारणारा माणूस. घागर गळायली की तुराटीचा, म्हंजे तुरीच्या वाळक्या काडीचा, तुकडा तासायचा, त्येला सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळायची अन भोकात ठोकायचा. फवारणीचा पंप असू दे, पत्र्याचं भोक असू दे, समद्याला तेच औषध. मी तणतणायची. "आवं, नवी घागर आणा की! खुट्ट्या मारून संसार व्हतो व्हय?" ते हसून म्हणायचे, "शोभे, गळायचं थांबलं का न्हाई?" थांबलेलं असायचं, म्हणून तर माझा जास्तच तिळपापड व्हायचा.

मिलिटरीच्या लिलावातला जुना पेट्रोलचा ट्रक त्येंनी आणला तवा आमचं अख्खं निंबर्गा गाव हसलं. त्याच ट्रकनं गावाची भाजी अन तूर आळंदच्या बाजारात पोचवली, पोरीला शिकवलं, घरावर स्लॅब चढवला. मग गेल्या उन्हाळ्यात मालकाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. स्टेअरिंग आमच्या संध्यानं धरलं. बायांनी नाकं मुरडली. मी म्हणलं, तुमच्या उरावर चालवायली का ती?

विजयादशमीला संध्यानं ट्रक आत-बाहेर धुऊन आणला, पुढं पंचशील ध्वज बांधला. दुसऱ्या दिवसापासनं गाडीनं रंग बदलला. उभी असली की थडथड थरथरायची, मधीच बंद पडायची, अन ब्रेक दगडावाणी कडक. वळणावर म्हैस आडवी आली तवा पोरीनं दोन्ही पाय ब्रेकवर देऊन कशीबशी थांबवली. घरी आली ती पांढरीफटक.

कल्लप्पा मेस्त्रीला बोलावलं. भला माणूस. त्यानं इंजिनला एक घड्याळ जोडलं, तर काटा खालीच लोळायला. म्हणला, "अक्का, इंजिननं हवा आत ओढून धरली पाहिजे. ती ओढच कमी पडायली. ब्रेक हलका व्हतो तो त्याच ओढीवर. कुठनं तर फुकटची हवा शिरायली." त्यानं सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी सोडलं, कार्बोरेटर उतरवून साफ केला, प्लग बदलले. काटा काही वर चढंना. शेवटी हात पुसत म्हणला, "सांधे तर बरे हैत. म्हणजे इंजिनच्या आतले व्हॉल्वच गेले. एवढ्या जुन्या इंजिनचं सामान मिळत न्हाई. पोरीचा जीव मोठा का ट्रक? भंगारात द्या."

संध्या रडली न्हाई. भंगारवाल्याला सकाळी या म्हणून फोन केला. मला म्हणली, "माय, अप्पाला सांगू नको." सांगायचं काय? अंगणातल्या खाटेवरनं ते समदं ऐकायलेच व्हते.

सकाळी भंगारवाला आला. संध्यानं ट्रक बाहेर काढायला सुरू केला, थडथड लागली, अन मालक डाव्या हातानं खाट बडवायला लागले. बोट चुलीकडं. पाणी तापवू? न्हाई म्हणून मान हलवली. चहा? न्हाई. पुन्हा बोट तिकडंच, चुलीजवळच्या तुराट्यांच्या भाऱ्याकडं. "आता कामून चूल पेटवू, ह्या घडीला?" मी खेकसले. तवा ते खाटेवरनं खाली घसरले, धुळीतनं अंग ओढत भाऱ्यापाशी गेले, एक तुराटी दातात धरून मोडली अन तुकडा ट्रककडं करून दाखवला.

मला काय ते कळलं न्हाई, पण गाडीतलंच काहीतरी सांगायलेत एवढं कळलं. मी वरडले, "संध्या, अप्पाला उचल गं!" भंगारवाल्यानंबी हात लावला. केबिनमध्ये बसवलं, तसा मालकानं डावा हात काचेखालच्या पत्र्यामागं घातला अन चाचपून इंजिनकडनं आलेली एक रबरी नळी बाहेर वढली. तोंड उघडं. पूर्वी काच पुसायचं वायपर त्याच हवेच्या ओढीवर चालायचं. ते मोडलं तवा मालकानं काढून टाकलं अन उघड्या नळीत तुराटीची खुट्टी मारली. धुताना पाण्याच्या फवाऱ्यानं ती उडाली असणार. बिचारा कल्लप्पा इंजिनापाशी शोधायला, अन भोक केबिनमध्ये!

मालकानं नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. थडथड थांबली. इंजिन कसं एका लयीत चालायला लागलं. संध्यानं ब्रेक दाबला अन किंचाळलीच, "माय, मऊ झालाय! लोण्यावाणी!" मालकानं अंगठा काढला की थडथड, ठेवला की शांत. दोन-तीनदा केलं त्येंनी, ल्हान पोरावाणी, अन अर्ध्या तोंडानं हसले. लकवा झाल्यापासनं पहिल्यांदा हसले. मी तिथंच पदरात तोंड घालून रडले.

त्येंनी दातानं मोडलेलाच तुकडा संध्यानं तासून नळीत ठोकला. भंगारवाला रिकामाच गेला, पण खुशीनं गेला. कल्लप्पाला कळलं तसा तो पक्कं रबरी बूच घेऊन आला. संध्या म्हणली, "अण्णा, आतली तुराटी राहू द्या, वरनं बसवा." मालकाचे लई उपकार झाले आमच्यावर. ज्या खुट्ट्यांवर मी जल्मभर कावले, त्यातल्याच एकीनं माझं घर राखलं व्हतं, अन मला पत्ता न्हाई.

परवा घागर गळायली. संध्या म्हणली, येताना नवी आणते. म्हणलं, काही आणू नको. घागर मालकाच्या पुढ्यात ठेवली, विळा घेऊन बसले अन म्हणलं, "मी तासते, तुमी ठोका." डाव्या हातानं ठोकली त्येंनी, अन माझ्याकडं बघायले. मी म्हणलं, "थांबलं बघा गळायचं."

थोडी गळतीया अजून. मी कुणाला सांगितलं न्हाई.